फक्त पाकीट

कारखान्यात त्याला सगळे पोस्टमास्तर म्हणत, आणि हे नाव त्याने स्वतःच ओढवून घेतलं होतं. कंपनीच्या नेटवर्कवर नजर ठेवणं हे त्याचं काम. कुणी बिचकत विचारलं, "आमचं सगळं वाचता का हो तुम्ही?" की तो हसून म्हणे, "छे! पत्र वाचायला बंदी आहे. आम्ही फक्त पाकीट बघतो. कुठून निघालं, कुठे गेलं, कधी गेलं, वजन किती. त्याला मेटाडेटा म्हणतात. निरुपद्रवी प्रकार आहे." ऐकणारा निर्धास्त होऊन चहाला जाई. पोस्टमास्तरही निर्धास्त असे.

त्या सकाळी साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि स्वतः उठून दार लावलं. साहेब स्वतः उठतात तेव्हा कुणीतरी कायमचं घरी बसतं, हा कारखान्याचा अनुभव होता.

"गोदामातली गॅसगळतीची घंटा आपण बंद ठेवलीय, त्याचे फोटो सरकारी तपासणीवाल्यांकडे पोचलेत," साहेब म्हणाले. "आतल्याच माणसाने पाठवलेत. तो उद्यापासून इथे दिसणार नाही, आणि या धंद्यात दुसरीकडेही कुठे दिसणार नाही, याची व्यवस्था मी करीन. नाव द्या."

"पण साहेब, मजकूर आम्हाला दिसत नाही..."

"मजकूर कुणाला हवाय? पाकीट बघा."

पोस्टमास्तर जागेवर आला आणि त्याने पाकिटं बघितली. दोन दिवसांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत, सगळे डबे उघडून बसलेले असताना, प्रयोगशाळेतून एक भलंमोठं पाकीट बाहेर पडलं होतं. ज्या कॉम्प्युटरवरून ते गेलं, तो त्याच्या वहिनीचा होता.

आई गेल्यावर याच वहिनीने त्याला जेवू घातलं होतं, आणि नापास झाल्यावर दादाच्या माराच्या आड तीच उभी राहिली होती. गेल्या आठवड्यात ताटावरून उठताना ती म्हणाली होती, "त्या गोदामात उद्या कुणी गुदमरून मेलं, तर मला घास जाईल का?" आपण तेव्हा भात मागितला होता, हेही त्याला आठवलं.

नंबर चुकला असेल, म्हणून त्याने परत बघितलं. आणि परत. देव पावतो का म्हणून पुन्हा पुन्हा वहिनीचाच कॉम्प्युटर तपासला. देव नेटवर्कवर नव्हता.

'काही सापडलं नाही' म्हणून सांगायचं, असं त्याने ठरवलं. आणि मग त्याला संध्याकाळचा अहवाल आठवला. पहारेकऱ्यावरही पहारा हवा, असं गेल्या वर्षी त्यानेच सुचवलं होतं. पोस्टमास्तरने दिवसभरात कुणाला किती वेळा तपासलं, याचा अहवाल रोज संध्याकाळी साहेबांकडे जायचा. साहेबांनी या कल्पनेबद्दल त्याची पाठही थोपटली होती. आज अहवालात एकच नाव येणार होतं, तेही ओळीने. वहिनीला पकडून देण्याचं काम त्याने स्वतःच चोख बजावलं होतं.

टेबलावरचा फोन वाजला. प्रयोगशाळेतून. भाऊजी, डबा खाल्लात का, एवढंच ती विचारणार. त्याने फोन उचलला नाही. मग वाटलं, न उचललेल्या फोनचीही नोंद होतेच की.

आता एकच वाट उरली होती. त्याने हिशेब विभाग तपासला, भांडार तपासलं, फाटकावरचा पहारेकरी तपासला, साऱ्या कारखान्याला पुन्हा पुन्हा तपासलं. वहिनीचं नाव गर्दीत दिसेनासं झालं. शेवटी एकच कॉम्प्युटर राहिला. तो सोडला तर सोडलेलाही डोळ्यांत भरणार. त्याने डोळे मिटून साहेबांचा कॉम्प्युटर तपासला, वहिनीचा तपासला होता तितक्याच वेळा. पडद्यावर काय आलं ते वाचायचीही त्याची छाती झाली नाही.

संध्याकाळी बोलावणं आलं. साहेबांसमोर अहवाल होता.

"सगळ्यांना तपासलंत."

"कुणी सुटायला नको, साहेब."

"मलाही?"

पोस्टमास्तरने होकारार्थी मान हलवली.

"इतक्या वेळा?" साहेबांचा आवाज खाली आला. "काय... काय दिसलं?"

"काही नाही, साहेब," तो कसाबसा म्हणाला. "मजकूर नाही दिसत. फक्त कुठून, कुठे, कधी, वजन किती."

या वाक्याने आजवर सगळ्यांना धीर आला होता. साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र उतरत गेला. त्यांनी पाणी ओतलं, ते पेल्याबाहेर सांडलं.

"तपास बंद करा," साहेब म्हणाले. "फोटो बाहेरच्याच कुणी काढले असतील. आणि ती घंटा... सुरू करायला सांगा."

फाटकाशी वहिनी वाट बघत उभी होती. रोज दोघं बरोबरच घरी जात. "भाऊजी, फोन का नाही उचललात? आणि तोंड का असं? भूत बघितलंत का?"

त्याने फाटकावरच्या कार्डाच्या यंत्राकडे बघितलं. त्याचा लाल दिवा त्याच्याकडेच बघत होता. "वहिनी, तुम्ही व्हा पुढे. मी मागून येतो."

"का? भांडण झालंय का आपलं?"

"व्हा पुढे म्हटलं ना!"

ती गाल फुगवून निघाली. तो भिंतीला टेकून श्वास घेऊ लागला, आणि तेवढ्यात त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. यंत्राच्या नोंदीत इतकी वर्षं दोन कार्डं एकापाठोपाठ एक. आणि नेमकी आजच वेगवेगळी.

वहिनीने यंत्राकडे हात उचलला होता.

"वहिनी!" पोस्टमास्तर जिवाच्या आकांताने धावत सुटला. "थांबा! एकत्र जाऊ!"