ग्लायडरनं दिलेलं उत्तर

दाराबाहेर चपलांचा खच पडला होता. आत बैठकीच्या खोलीत तीळ ठेवायला जागा नव्हती. सोफ्याच्या हातांवर, खिडकीच्या कट्ट्यावर, जिथं टेकता येईल तिथं माणसं टेकली होती. मधोमध जेवणाचं टेबल, त्यावर पांढरी चादर आणि चादरीवर एक ग्लायडर, हौसेनं उडवायचं बिनइंजिनाचं विमान. पंख एवढे लांब, की एक टोक कपाटाला लागायचं आणि दुसरं खिडकीत बसलेल्या बायकांच्या गुडघ्यांना.

"बाळ, आलीस का?" पांढरेबुवांनी डोळे मिटून विचारलं. नखशिखांत पांढरे कपडे घालत, म्हणून लोकांनी त्यांचं नावच तसं पाडलं होतं.

खोलीनं श्वास रोखला. पंखांच्या मागच्या कडेला असलेल्या झडपा, दोन्ही एकदम, हळूच खाली झुकल्या. कुणी हात लावला नव्हता. दोरी नव्हती, वारा नव्हता.

"आली! पोर आली!" शेजारच्या शिंपीणकाकूंनी तोंडावर हात दाबला.

झडपा खाली झुकल्या म्हणजे 'हो'. शेपटीवरचं सुकाणू डावी-उजवीकडे हललं म्हणजे 'नाही'. ही भाषा बुवांनीच ठरवून दिली होती.

"आता मला सांगा, या पंखात काय आहे?" बुवांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "कार्बन! माणूस गेल्यावर काय उरतं? कार्बन! कार्बनला कार्बन भेटला की लहरी सुटतात. मोठमोठे शास्त्रज्ञ डोकी आपटून दमले, त्यांना अजून याचा पत्ता नाही."

शास्त्रज्ञांना नसलेला पत्ता बुवांना कुणी दिला, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. कार्बन तर पेन्सिलीतही असतो, आणि पेन्सिलीतून आजवर कुणाची आजी बोलल्याचं ऐकिवात नाही. पण रडणाऱ्या घरात असले प्रश्न विचारणं बरं दिसत नाही, आणि नेमकं त्याच्यावरच बुवांचं दुकान चालतं.

स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून तात्या हे सगळं पाहत होते. ग्लायडर त्यांच्या मुलीचं होतं आणि टेबलाला खेटून बसलेली, झडपांकडे डोळे लावून बसलेली माई त्यांची बायको होती.

तात्यांनी उभा जन्म वजनकाटे दुरुस्त करण्यात घालवला होता. सोनाराचा नाजूक काटा असो की गोदामातला अजस्र, त्यांचा हात फिरला की तो खरं बोलायला लागायचा. त्यांच्या मुलीला, बयोला, ग्लायडरचं वेड लागलं ते कॉलेजात. मागच्या खोलीत बापलेकीनं कारखानाच थाटला होता. तापलेल्या तारेनं फोम कापून पंखाचा गाभा काढायचा, त्यावर काचेच्या धाग्याचं कापड आणि कार्बनच्या पट्ट्या चिकट रेझिननं बसवायच्या, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून आतली हवा ओढून घ्यायची. हवा ओढायला जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर होता. तो रात्रंदिवस घरघरायचा आणि माई ओरडायची, "अहो, तुमच्या त्या म्हशीला जरा गप्प करा!" मग बापलेक खिदळायचे.

आठ महिन्यांपूर्वी ग्लायडरचे भाग सुटे करून, पाठीवर बांधून बयो स्कूटरवरून माळावर उडवायला निघाली. वळणावर ट्रक आला. बयो दवाखान्यात गेली. ग्लायडर पोलिसांनी पिशवीतून घरी आणून दिलं.

पुढचे सहा महिने तात्यांनी दुसरं काही केलं नाही. मोडलेल्या शेपटीच्या नळीची टोकं उतरती घासली, आत कार्बनची नळी सरकवली, वरून कापडाचे वेढे दिले. चिरलेला पंख उघडून आतला कणा सांधला. दुरुस्तीनं शेपटीकडचं वजन वाढलं, म्हणून नाकात शिसं भरलं. पंखाखाली बयोनं पेन्सिलीनं दोन ठिपके काढले होते. तिथं दोन बोटं लावून उचललं की ग्लायडर सरळ, अगदी आडवं राहायला हवं. ते तसं राहिलं तेव्हा तात्या मागच्या खोलीत एकटेच बसून हमसाहमशी रडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बॅटरी जोडली. आतल्या बोटभर मोटारींना वीज मिळाली की त्या एकदा दचकतात. तशा दचकल्या आणि झडपा फडफडल्या. नेमकी त्याच क्षणी माई चहा घेऊन दारात आली.

"अहो... ती हलली."

तिच्या चेहऱ्यावर एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी उजळलं होतं. मोटार आहे गं, वीज लागली की हलते, एवढंच म्हणायचं होतं. तात्यांची जीभ रेटली नाही.

माईनं ते शिंपीणकाकूंना सांगितलं. काकूंनी हळहळून बुवांना सांगितलं. बुवा आपल्या सेवकाला घेऊन आले, 'शुद्धीसाठी' म्हणून ग्लायडर तीन दिवस मठात घेऊन गेले, आणि परत आणलं तेव्हापासून ते बोलायला लागलं.

तात्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं, असं नाही. रिमोटशिवाय हे हलत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण माई पुन्हा केस विंचरायला लागली होती. दोन घास जास्त जेवत होती. आणि खरं सांगायचं तर, दर रविवारी झडपा झुकल्या की तात्यांच्याही काळजात काहीतरी लख्खकन हलायचं. चला, चालू दे, असं म्हणत त्यांनी पाच रविवार काढले.

सहाव्या आठवड्यात माई न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि त्यांचा चेहरा उतरला. "गोळ्या घेताय ना?"

तात्यांनी घरी येऊन कपाट उघडलं. गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी.

"बयोनं नको म्हणून सांगितलंय," माई शांतपणे म्हणाली. "बुवांनी विचारलं तेव्हा तुम्ही दुकानात गेला होतात. तीनदा विचारलं. तीनदा 'नाही' म्हणाली."

"आणि त्याऐवजी?"

"बुवांचं मंतरलेलं पाणी."

तात्या तडक मागच्या खोलीत गेले. पेन्सिलीच्या ठिपक्यांवर दोन बोटं लावून त्यांनी ग्लायडर उचललं. नाक झपकन खाली गेलं. जन्मभर काटे पारखलेल्या बोटांना आणखी पुरावा नको होता: नाकात कुणीतरी वजन वाढवलं होतं. त्यांनी नाकाची टोपी ओढून काढली. आत त्यांची छोटी बॅटरी नव्हतीच. दुप्पट मोठी, तासन्‌तास चालणारी बॅटरी चिकटपट्टीनं डकवली होती. रिमोटचा हुकूम ऐकणारी काडेपेटीएवढी डबी, रिसीव्हर, तीही परकी होती. तिच्यावर तांबडा दिवा शांतपणे लुकलुकत होता.

तात्यांनी परकी डबी काढून खिशात घातली. बयोच्या खणातला तिचा जादा रिसीव्हर बसवला. तो फक्त बयोच्या रिमोटचं ऐकायचा.

रविवारी सकाळी पुन्हा खोली भरली. तात्या आज सगळ्यात मागच्या खुर्चीवर, मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसले. त्यांचा हात पिशवीत होता.

"बाळ, आलीस का?"

काही हललं नाही.

"बाळ, आलीस ना?" बुवांचा आवाज थोडा चढला. कोपऱ्यात शाल पांघरून बसलेला सेवक शालीखाली चुळबुळ करू लागला. त्याच्या कपाळावर घाम फुटला.

"इथं कुणीतरी अविश्वासू बसलंय!" बुवा गरजले. "त्यामुळे लहरी अडल्यात!"

तात्या उठणारच होते. उठून सांगायचं, दाखवायचं, मोकळं व्हायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. तेवढ्यात माई टेबलावर झुकली. तिनं पंखावर हात ठेवला, तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"बयो, मी आजवर विचारलं नाही गं. धीरच झाला नाही. तुला दुखलं का गं? फार दुखलं का?"

पिशवीत तात्यांचा अंगठा रिमोटच्या दांडीवर होता. त्यांनी ठरवून काही केलं नाही. अंगठा आपसूक डावीकडे गेला, उजवीकडे गेला.

शेपटीचं सुकाणू हललं. नाही.

माईच्या तोंडून असा आवाज निघाला, की खोलीतल्या सगळ्यांचे डोळे भरून आले. आठ महिने छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलावा तसा. "नाही म्हणाली! अहो, दुखलं नाही तिला!"

बुवांनी सेवकाकडे पाहिलं. सेवकानं मान हलवून खुणावलं: मी नाही. दोघांचेही चेहरे पांढरेफटक पडले. त्या खोलीत इतके रविवार चमत्कार झाले, पण खरोखर चमत्कार पाहून घाबरलेले ते दोघेच.

आणि तात्यांना त्या क्षणी सगळं दिसलं. आता काहीही करता येणार होतं. गोळ्या घे म्हणून सांगता येणार होतं. माईनं ऐकलं असतं. जेव म्हणून, हस म्हणून. दर रविवारी मुलीच्या तोंडून बायकोशी बोलता आलं असतं. बुवांना हाकललं तरी चाललं असतं, कारण बुवांची जागा भरायला घरातलाच माणूस तयार झाला होता. त्यांना शिसारी आली, ती स्वतःची.

ते उभे राहिले. पिशवीतून रिमोट काढून त्यांनी वर धरला.

"माई, ते मी हलवलं."

कुणाला काही कळलं नाही. तात्यांनी दांडी ओढली, झडपा खाली. सोडली, झडपा वर. मग खिशातून परकी डबी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. तिला एक सुटी बोटभर मोटार आणि बॅटरी जोडली.

"हा रिसीव्हर आमचा नाही. मठातून आलाय. याचा रिमोट इथंच कुणाकडे तरी आहे. काकू, जरा त्यांची शाल बाजूला करता?"

शिंपीणकाकूंनी उभं आयुष्य कापड ओढण्यात घालवलं होतं. एका हिसक्यात शाल त्यांच्या हातात आली. सेवकाच्या पोटाशी खेळण्यातल्या गाडीचा असतो तसा रिमोट पट्ट्यानं बांधलेला होता. तो लपवायच्या घाईत त्याचा हात बटणावर पडला आणि टेबलावरची सुटी मोटार करकरत फिरली.

मग काय, एकच गलका झाला. 'लहरी, लहरी' म्हणत बुवा दाराकडे सरकत होते. चपला शोधायलाही थांबले नाहीत. सेवक आधी खेळण्यांच्या दुकानात दुरुस्ती करायचा, हे त्यानं जिन्यातच कबूल केलं. कुणी बुवांना शिव्या घातल्या. पण जाता जाता एक आजोबा तात्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तेवढं तरी राहू द्यायचं होतंत हो तिच्यासाठी."

खोली रिकामी झाल्यावर माई म्हणाली, "ते 'नाही'... ते तुम्ही?"

"हो."

"तुम्हाला माहीत होतं, दुखलं नाही म्हणून?"

"नाही, माई. मला माहीत नाही."

ती उठून आत गेली. दहा दिवस ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. गोळ्या मात्र घेत होती. रिकामी पाकिटं त्यांना दिसतील अशी ताटाशेजारी ठेवायची. बुवांना तिनं दोष दिला नाही. तात्यांना दिला, आणि तात्यांना तो रास्त वाटला. त्या पहिल्या दिवशी चहाचे कप हातात घेऊन ती दारात उभी होती, तेव्हाच त्यांनी तोंड उघडायला हवं होतं.

अकराव्या दिवशी ती बाहेर जायचे कपडे करून समोर येऊन उभी राहिली.

"तिच्याजवळ शेवटी डॉक्टर होत्या ना? त्यांना विचारलंत का कधी?"

"नाही."

"मीही नाही. भीती वाटली. ग्लायडरला विचारत बसले, आणि जी बाई तिथं होती तिला विचारलं नाही. चला."

अपघात विभागातली डॉक्टर तरुण होती, जवळजवळ बयोच्याच वयाची. तिनं जुनी फाइल मागवली, दोघांना आतल्या खोलीत बसवलं, दार लावलं. माईनं प्रश्न विचारला. डॉक्टरनं फाइल मिटली.

"खोटं सांगू नका," माई म्हणाली.

"नाही सांगणार. आणलं तेव्हा ती थोडा वेळ शुद्धीत होती. दुखत होतं तिला. आम्ही लगेच इंजेक्शन दिलं. त्यानंतर तिला काही जाणवलं नसावं. शेवटपर्यंत मी तिचा हात धरून होते."

माईनं डोळे मिटले. मग तिनं डॉक्टरचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला. बाहेर आल्यावर लाकडी बाकावर बसून ती तात्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. आठ महिन्यांत पहिल्यांदा दोघं एकाच गोष्टीसाठी रडत होते, आणि ती गोष्ट खरी होती.

दुःखात माणसाला उत्तर हवं असतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण जे उत्तर देतं त्याचं पोट उघडून बघावं, आत बॅटरी कुणाची आहे ते तपासावं. ज्याला ठाऊक आहे त्याला विचारावं. कुणालाच ठाऊक नसेल तर 'माहीत नाही' हे ऐकून घ्यायची छाती ठेवावी. ते फार दुखतं. तरी त्यापायी कुणाच्या गोळ्या बंद होत नाहीत.

परवा पलीकडच्या गल्लीतली एक बाई बुवांचा पत्ता विचारत आली. तिचा नवरा कारखान्यात वारला होता, कामावरच. बुवा आता दुसऱ्या गावात बसतात आणि तिथं म्हणे एक शिवणयंत्र बोलतं. तात्या काही बोलायच्या आत माईनं तिला आत बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं.

"तुला काय विचारायचंय बुवांना?"

बाईनं खाली मान घातली. "शेवटी काही बोलला का, एवढंच."

"नवऱ्याच्या बाजूच्या यंत्रावर कोण काम करत होतं?"

"आहे एक जण. मी कधी गेले नाही त्याच्याकडे."

माईनं खुंटीवरची पिशवी घेतली, पायात चपला सरकवल्या.

"ऊठ. मी येते तुझ्याबरोबर."