दुसरी काच

प्रीतीने पहिली काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि चंपतरावांसाठी स्टूल पुढे ओढलं. नरखेडकडच्या गावातून ते सकाळच्या एसटीने नागपूरला, थेट या प्रयोगशाळेत आले होते. त्यांचा मुलगा अंकुश गेल्या वर्षी फिट येऊन गेला. बायको रुखमाबाईंच्या मनाविरुद्ध त्यांनी त्याचा मेंदू संशोधनासाठी दिला होता. तेव्हापासून रुखमाबाईंचा एकच प्रश्न होता.

"फिट आली की त्याले आतून तरास होत होता का? एवढंच इचारून या म्हने," चंपतराव म्हणाले.

याचं उत्तर प्रीतीजवळ नव्हतं. तिच्याजवळ होती अँटिबॉडीची एक इवलीशी बाटली.

"काका, मेंदू फार खवळला की त्याला शांत करणाऱ्या काही जागा पेशींवर असतात. अशा दिसत नाहीत त्या. ही अँटिबॉडी नेमकी तिथेच जाऊन चिकटते, मग आम्ही रंग चढवतो. तपकिरी ठिपका म्हणजे शांत करणारी जागा."

प्रयोगशाळेची रीत अशी, की आधी निरोगी मेंदूचा काप पाहायचा. रंग नीट चढला की नाही, ते त्यावरून कळतं. आजाऱ्याचा काप नंतर. ही पहिली काच अपघातात गेलेल्या कुणा धडधाकट माणसाची होती; अंकुशची अजून ट्रेमध्येच होती. तेवढं सांगायच्या आतच चंपतरावांनी डोळा लावला.

"अरे बाप्पा! केवढे ठिपके हायेत!" त्यांनी डोळा आणखी जवळ नेला. "वरून एवढा तडफडे माहा पोरगा. पन आत एवढं शांत करनारं होतं म्हना. मंग त्याले आतून तरास नसंल. नाही का, मॅडम?"

प्रीती कामात मुलखाची काटेकोर. एक आकडा चुकला तरी आठवडाभराचं काम फेकून देणारी. तिने त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"नसेल, काका."

चंपतरावांनी दुपट्ट्याने डोळे पुसले आणि तिथूनच घरी फोन लावला.

"ऐकून राहिली का वं? आतून शांत होता आपला अंकुश. म्या सोता पाह्यलं."

पलीकडून रुखमाबाईंचं रडणं प्रीतीलाही ऐकू आलं. आता मागे फिरायची सोय उरली नाही. तिला स्वतःची लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

फोन ठेवून चंपतरावांनी ट्रेमधल्या दुसऱ्या काचेकडे बोट दाखवलं.

"हेबी पाहू का?"

नाही म्हणायला तिला काही कारण सुचेना. तिने काच बदलली. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"याच्यात तं काहीच नाई. एखादाच ठिपका दिसते. कोनाचं हाय?"

"दुसऱ्या एकाचं."

"लय तडफडला असंल बिचारा." त्यांनी डोळा काढला नाही. "त्याची माय हाय का?"

"आहे."

"तिले नका सांगू, मॅडम."