उचापतीचा प्रश्न

दुरुस्तीच्या ऑनलाइन फोरमचं रूप सकाळी बदललं आणि दुपारपर्यंत काकांचं डोकं फिरलं. जन्मभर विजेची कामं केलेले काका निवृत्तीनंतर फोरमवरच्या घरगुती यंत्रांच्या विभागाची देखरेख करत. पूर्वी पान उघडलं की वर लाल चौकटीत धोक्याच्या सूचना, मग प्रश्न, त्याखाली ओळीने उत्तरं. आता सगळं पांढरंफटक. लाल चौकट कुठल्या घडीत गेली, देव जाणे.

"परक्या घरात अंधारात चाचपडल्यासारखं होतंय," ते म्हणाले.

"मग दिवा लावा, धडपडू नका," इस्त्री करता करता काकू म्हणाल्या.

तेवढ्यात नवा प्रश्न आला. विचारणाऱ्याने टोपणनाव घेतलं होतं 'उचापती'.

"मायक्रोवेव्ह गरम करत नाही. प्लग काढलाय, मागचा पत्राही काढतोय. आतला कपॅसिटर हाताने सोडवू ना?"

काका ताठ झाले. प्लग काढला तरी त्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. माणूस जागच्या जागी जाईल एवढी. लाल चौकटीतलं पहिलं वाक्य हेच होतं.

पानाच्या तळाशी लिहायची जागा दिसली. काकांनी तिथे लिहिलं, "हात लावू नकोस! वीज आहे त्यात!" आणि पाठवलं.

लगेच कुणा बाईचं उत्तर आलं : "काका, मिक्सरमध्ये वीज नसेल तर तो फिरणार कसा?"

तळाची जागा भलत्याच प्रश्नाची होती.

"अगं, चुकीच्या दारात ओरडलो मी!"

काकूंनी इस्त्री उभी ठेवली. "त्याला फोन करा की."

"कुठला फोन! नावसुद्धा धड लावलेलं नाही गाढवाने."

खाली-वर करत काकांनी उचापतीच्या प्रश्नाखालची खरी जागा शोधली आणि तीच ताकीद पुन्हा दिली. पण नव्या रचनेत जास्त पसंतीचं उत्तर वर चढे. वर बसलं होतं कुणा शहाण्याचं "प्लग काढलाय ना, मग बिनधास्त!" काकांची ओळ 'आणखी उत्तरे' या शब्दांआड गडप झाली.

"धन्यवाद," उचापतीने लिहिलं. "शेवटचा स्क्रू राहिलाय."

प्रश्नाच्या कडेला लिखाण बदलायची, पेन्सिलीची बारीक खूण होती. ती फक्त देखरेख करणाऱ्यांना दिसे. दुसऱ्याच्या लिखाणात अक्षरही बदलायचं नाही, हा दंडक काकांनीच घालून दिला होता आणि तो मोडला म्हणून दोघांना बाहेर काढलं होतं.

त्यांनी खूण दाबली. उचापतीचा सगळा प्रश्न पुसला आणि त्याजागी लिहिलं : "थांब. कपॅसिटरला शिवलास तर मरशील."

मग काही नाही. काकू मागे येऊन उभ्या राहिल्या. दोघंही पडद्याकडे बघत राहिले. काकांनी पान पुन्हा उघडलं. पुन्हा उघडलं.

"पोचलं असेल ना हो?"

काकांनी पान आणखी एकदा उघडलं.

अचानक ओळी उमटल्या. "माझा प्रश्न कुणी बदलला? दादागिरी आहे का ही? कुणी का असेना, तक्रार करणार मी! आणि तक्रारीचं बटण कुठे दडवलंय?"

"बाई गं, काय उर्मट कार्टं!" काकू म्हणाल्या.

"असू दे," काका म्हणाले. "टाइप करतोय ना? करू दे."

चष्मा पुसून ते उचापतीसाठी तक्रारीचं बटण शोधू लागले.