जांभळाच्या पुडीत गेलेली पानं

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे आणि माझीच अर्धी गोष्ट मला ठाऊक नाही. हसू नका! पुस्तकाच्या अंगावर जेवढी पानं असतात तेवढंच त्याला आठवतं. माझी मागची पानं गेली तेव्हापासून माझ्या जिवाला घडीभर चैन नाही. वारा नसतानाही मी फडफडते.

छापखान्यातून निघाले तेव्हा मी चांगली धडधाकट होते. बीडच्या एका वाचनालयात माझी उमेदीची वर्षं गेली. काय तो मान होता! बायका माझ्यासाठी नंबर लावायच्या. पुढे कपाटाला वाळवी लागली, माझ्यावर 'बाद' असा शिक्का बसला आणि मी किलोच्या भावानं रद्दीत गेले.

ती रद्दी वाहेदनं घेतली. चौसाळ्याच्या स्टँडवर त्याचा फळांचा गाडा आहे. कॅरीबॅगा बंद झाल्यापासून त्याला पुड्या बांधायला कागद लागतो. पण त्याची बायको सायरा मराठी शाळेत शिकलेली. तिनं मला गठ्ठ्यातून ओढून काढलं.

"वाचून झालेली पानं तेवढी न्या. बाकीच्याला हात लावायचा न्हाई," तिनं बजावलं. घरात दखनीच बोलतात, पण मी आपली माझ्या मराठीत सांगते. मला दुसरं येतं कुठं?

फाडणार हे ऐकून माझं काळीज चरकलं. पण सायरा वाचायला बसली आणि मी सगळं विसरले. संध्याकाळी भाकरी झाल्या की ती मोठ्यानं वाचायची. वाहेद पोत्यावर जांभळं निवडत बसायचा आणि ऐकतच नाही असं दाखवायचा. त्यांची मुलगी हुस्ना कोपऱ्यात मोबाइलवर पिक्चर बघायची.

"अम्मी, वाचत कशाला बसतेस? पिक्चर बघ की. दोन तासांत सगळं उरकतं."

"पिक्चर माझ्यासाठी थांबतो का गं? तव्याकडं वळलं की तेवढ्यात हिरॉईनचं लग्न लागलेलं असतं. हे बघ, हिच्यात पिन खोचली की ही मुकाट थांबते." असं म्हणून ती केसातली पिन काढून माझ्यात खोचायची. मला कोण अभिमान वाटायचा!

माझी नायिका मालन. सासरचा जाच सोसवेना म्हणून ती डोक्यावर शिलाई मशीन आणि हाताला लहानगी पोर घेऊन घर सोडते. सायराचा जीव तिच्यात अडकला होता. "पोचू दे गं बाई कुठंतरी," ती मधेच म्हणायची. एका रात्री वाचता वाचता मालन नदीच्या काठाशी आली. पलीकडून कुणीतरी तिला हाक मारली. सायरानं पान उलटलं, तर पुढे नुसता पुठ्ठा!

"हुस्नाचे अब्बा, पुढची पानं कुठं गेली?"

"पुढची कशाला नेऊ? मी तर सुरुवातीचीच नेली. तुझी वाचून झालेली." वाहेदनं मला हातात घेतलं आणि उजवीकडून उघडलं. "ही काय, इथनंच सुरू होतं की!"

वाहेद दोन-तीन वर्षं उर्दू शाळेत गेला, मग थेट गाड्यावर. स्टँडवरच्या पाट्या तो वाचतो, पण हातात पुस्तक म्हणून जे आलं ते उर्दूचंच, आणि ते उजवीकडून उघडतं. म्हणून माझा शेवट त्याला सुरुवात वाटला. रोज पहाटे घाईघाईत तो माझी सुरुवात म्हणून माझा शेवट फाडून नेत होता!

हुस्ना हसून हसून लोळली. सायराचे डोळे मात्र भरून आले. "ती बाई पोर घेऊन नदीवर उभी हाय, आणि तुमी तिच्यात जांभळं बांधता?"

दुसऱ्या दिवशी वाहेद येईल त्या गिऱ्हाइकाला विचारू लागला, "परवाच्या जांभळाचा कागद ठेवलाय का?" शेजारचा चहावाला मुंजाजी ओरडला, "कावून बे वाहेद, जांभळं इकलीस आन् कागद माघारी मागतूस?" सगळा स्टँड हसला. पण हा गडी विचारायचा थांबला नाही.

शेवटी साखरेच्या दुखण्यावर जांभळं नेणाऱ्या भिवराबाई म्हणाल्या, "हाय की माझ्यापाशी. लिवल्याल्या कागदावर पाय पडू ने, म्हनून आढ्याला खोचून ठिवलाय." बिचाऱ्यांना अक्षर ओळखू येत नाही. तरी त्यांनीच माझं पान जपलं.

वाहेद ते पान छातीशी धरून घरी आला. जांभळ्या डागांनी माखलेलं ते माझं शेवटचं पान होतं. सायरानं खाली 'समाप्त' पाहिलं आणि वर न बघता त्याची घडी घातली. "मधलं कळल्याबिगर मी हे वाचणार न्हाई." तिनं ते माझ्यात ठेवून वर पिन लावली.

"मग मधलं मी सांगतो," वाहेद म्हणाला. लबाड, इतके दिवस सगळं ऐकत होता तर! तेव्हापासून रोज संध्याकाळी तो सांगतो. मालन नदी ओलांडते, मशीन भिजू देत नाही, एका स्टँडवर फळांच्या गाड्याशेजारी दुकान मांडते. "अब्बा, तो गाडा कुणाचा?" हुस्ना मोबाइल खाली ठेवून विचारते. सायरा पदरात तोंड लपवून हसते.

आणि मी? मी तळमळते. ते पान आता माझ्या पोटात आहे, म्हणजे मला ते आठवतं. त्यात शिलाई मशीन आहे. मालनची मोठी झालेली मुलगी ती एकटीच चालवते आहे. मालन कुठंच नाही. ती मधे कुठं राहिली, नदीवर की नदीपलीकडे, मला सांगता येत नाही. वाहेदची गोष्ट मात्र संपत आलीय, आणि काल सायराचा हात पिनेशी गेला होता.

मित्रांनो, पुस्तकाची पानं फाडू नका, हे मी काय सांगायचं! माझं मागणं वेगळंच आहे. तुमच्या घरात कुठं जांभळे डाग पडलेला छापील कागद असेल, तर तो आधी वाचून बघा. त्यात मालन दिसली, तर पळत चौसाळ्याच्या स्टँडवर या. सायरानं पिन काढायच्या आत या.