पुढच्या वेळी ही असेल ना?

मी ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा शहराच्या मुख्य रस्त्यावरची जुनी दुमजली इमारत बोलतेय. हो, तीच, जिच्या गॅलरीला लोखंडी जाळीची झालर आहे आणि जिच्यासमोर गाडी लावायला कधी जागा मिळत नाही. वय विचारू नका. साल माझ्या कपाळावरच कोरलंय.

मला बांधलं एका कापडवाल्याने. लोकर विकायला आलेले शेतकरी जाताना बायकांसाठी माझ्याकडून कापड घेऊन जात. युद्धाच्या दिवसांत वरच्या दालनात सैनिकांचे नाच झाले. त्यांच्या बुटांनी माझ्या फळ्यांचा जीव काढला, पण मजा आली! पुढे विम्याची कचेरी आली, मग व्हिडिओंचं दुकान. त्या दुकानदाराने माझं पत्र्याचं नक्षीदार छत खोट्या छताखाली झाकून टाकलं, याचा राग माझ्या मनात अजून आहे. मग शहराबाहेर मॉल झाला, माणसं गाड्या काढून तिकडे वळली आणि माझ्या शेजारणी एकेक करून पाडल्या गेल्या. आता माझ्यात खाली चिप्सचं दुकान आहे आणि वर डॉक्टर मेधाचा दवाखाना.

मेधा पुण्याची. करोनाच्या आदल्या वर्षी तिचे वडील, मुरलीधरराव, इथे येऊन राहिले होते. इथे धड बस नाही, त्यांना गाडी चालवता येत नाही. घरी बसून करणार काय? म्हणून ते लेकीबरोबर रोज दवाखान्यात यायचे आणि गॅलरीत वेताच्या खुर्चीत बसायचे. "काय गं, थंडी वाजत नाही का तुला?" असं माझ्या खांबावर हात ठेवून विचारायचे. इतक्या वर्षांत माझी विचारपूस करणारा हा पहिलाच माणूस. ते खोटं छतही त्यांनीच लेकीच्या मागे लागून काढायला लावलं.

पुण्याला परत जाताना ते जिन्यावर थांबले. "मेधा, पुढच्या वेळी येईन तेव्हा ही असेल ना?"

"असेल हो बाबा. कुठे जातेय ती!"

आणि मग सगळं बंद झालं. रस्ता ओस पडला. पेशंट फोनवर बोलू लागले आणि दिवसभर कुरकुरणारा माझा जिना गप्प झाला. मुरलीधररावांचा व्हिडिओ कॉल मात्र चुकायचा नाही. "आधी गॅलरी दाखव," म्हणायचे.

मेधा गॅलरी दाखवायची. पण मॉलजवळच्या नव्या मेडिकल सेंटरमध्ये तिने जागा पाहून ठेवली आहे, हे तिने त्यांना सांगितलं नाही. तिथे लिफ्ट होती, पार्किंग होतं. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण दवाखाना हलला की मला पाडून तिथे कार पार्क बांधायचा, हे माझा मालक कीथ तिला बोलून चुकला होता.

करोनाच्या दुसऱ्या वर्षी मे महिन्यात पुण्यात मुरलीधरराव करोनाने गेले. सीमा बंद होत्या, मेधाला जाता आलं नाही. त्यांना नेताना तिने फोनवर पाहिलं, माझ्याच गॅलरीत उभं राहून. तिला जवळ घ्यावंसं फार वाटलं मला, पण विटांना हात नसतात.

दहाव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तिने गॅलरीच्या कठड्यावर भाताचा पिंड ठेवला. माणसाची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, हे मला तेव्हाच कळलं. समोर विजेच्या तारेवर कावळा बसला होता.

"बाबा, आईकडे मी बघेन," मेधा म्हणाली. कावळा हलला नाही.

"बॉर्डर उघडली की पहिल्या फ्लाइटने घरी येईन." कावळ्याने तोंड फिरवलं.

एव्हाना पुन्हा येऊ लागलेले पेशंट आत खोळंबले होते. मेधाची मुलगी स्पृहा खालून आणलेल्या चिप्सचा पुडा घेऊन उभी होती. "ममा, इथले क्रोज राइस नाही खात. दे ओन्ली डू चिप्स."

"गप्प बस गं."

"ओके. पण आजोबा एव्हरी कॉल या बिल्डिंगचंच विचारायचे ना?"

मेधाने कठडा घट्ट धरला. मग डोळे मिटून म्हणाली, "बाबा, दवाखाना नाही हलवत. ही राहील."

कावळा उतरला आणि त्याने पिंडाला चोच लावली. मेधा खाली बसून ढसाढसा रडली.

खरं सांगू? तिचे डोळे मिटले होते तेवढ्यात स्पृहाने भातात हळूच एक चिप खोचली होती. "सॉरी, आजोबा," असं ती पुटपुटली, ते मीच ऐकलं. चिप लेकीची असली तरी शब्द मेधाचा होता, आणि तो तिने पाळला. पेशंट आजही पार्किंगच्या नावाने बोटं मोडत माझा जिना चढतात.

तुमच्या गावच्या जुन्या रस्त्यावरून जाल तेव्हा दुकानाच्या पाटीच्या वर जरा मान उचलून बघा. आमचा खरा चेहरा तिथे असतो. आणि कुणाला पाडायचं ठरवलंच, तर आधी तिच्यात एक दुपार नुसते बसून या.

वेताची खुर्ची मेधाने गॅलरीतून हलवलेली नाही. संध्याकाळी दवाखाना बंद झाला की ती खुर्ची आणि मी दोघीच उरतो. मुरलीधरराव, जिन्यावर थांबून तुम्ही विचारलं होतंत. मी आहे हो. तुम्हीच आला नाहीत.