चोराचं नाव सांगणारी चावी

रविवारची प्रार्थना संपली तरी कर्नल पेथरिकच्या तंबाखूच्या कोठारातून कोणी हललं नाही. मळ्यावरचे आणि शेजारपाजारचे चाकर, त्यांच्या बायका, सगळे टाचा उंचावून उभे होते. कर्नलच्या घरातला चांदीचा चमचा चोरीला गेला होता आणि चोर कोण, ते खुद्द बायबल सांगणार होतं. व्हर्जिनियाच्या त्या किनाऱ्यावर देवाच्या मागे बरीच कामं असत. कर्नलसाहेबांचे चमचे शोधणं हे त्यातलंच एक.

देवाचा हा कारभार पाहायला ईझिकिएल थ्रप नावाचा फिरता उपदेशक आला होता. लांब काळा डगला, खोल गेलेला आवाज आणि कर्नलच्या टेबलावर रोज दोन वेळा चापलेलं डुकराचं मांस. त्याने बायबलात लोखंडी चावी घातली, पुस्तक दोरीने घट्ट आवळलं आणि चावीचं बाहेर आलेलं कडं एका बाजूने आपल्या बोटाच्या टोकावर, दुसऱ्या बाजूने स्वयंपाकघरातल्या एका पोरीच्या बोटावर टेकवलं. पुस्तक खाली लोंबकळू लागलं. मग तो एकेक नाव घेऊ लागला. तिसऱ्या नावाला पुस्तक गर्रकन फिरलं आणि खाली पडलं.

ते नाव होतं मळ्यावरचा चाकर गॅरेट लोरी याचं. कोठारात कुजबुज पसरली. जहाजभाड्याच्या बदल्यात सात वर्षं राबायच्या कराराचे त्याचे बारा दिवस उरले होते. चोरी सिद्ध झाली की कायद्याने आणखी दोन वर्षं.

गर्दीत केझाया होल्ट उभी होती. पंचक्रोशीतली सुईण. तीही करारावरच जहाजातून आली होती, आणि एका मालकाच्या लहरीपायी तिला एक वर्ष जादा राबावं लागलं होतं. तेव्हापासून मालकवर्गाच्या तोंडी देवाचं नाव आलं की ती कान टवकारायची. वसंत ऋतूपासूनचा हा तिसरा चमचा होता आणि तिसरा चोर.

बाहेर पडताना तिला क्वाको भेटला. तो कर्नलचा विकत घेतलेला गुलाम, मळ्यावर सगळ्यांत जुना.

ती म्हणाली, "तुझं नाव नाही रे निघालं कधी. सगळं घर तर तुझ्या हाताखालून जातं."

"कसं निघेल, बाई?" क्वाको शांतपणे म्हणाला. "चावी मुदत संपत आलेल्यांनाच ओळखते. माझ्या मुदतीला शेवटच नाही."

केझाया जागच्या जागी थांबली. पहिला चोर सुटायला महिना असताना सापडला होता. दुसरा तीन आठवडे असताना. तिला राग आला तो थ्रपचा नाही, स्वतःचाच. हे तिला आधी दिसायला हवं होतं.

गॅरेटची शिक्षा नोंदवायला मंगळवारी न्यायाधीश ब्रूम आले. त्यांची तिन्ही मुलं केझायाच्या हातांवर जन्मली होती, त्यामुळे तिला दारातून हाकलायची सोय नव्हती. कोठार पुन्हा भरलं. तिने न्यायाधीशांना विनवलं की पुस्तकाला त्यांच्यासमोर एकदा विचारावं. कर्नलची हरकत नव्हती. उलट देवाचा महिमा सरकारी माणसाने पाहिला तर बरंच, असं तो म्हणाला.

"एकच गोष्ट," केझाया म्हणाली. "उपदेशकांच्या कानांत लोकर भरू या आणि डोळ्यांवर रुमाल बांधू या. नावं मी घेईन."

थ्रपने भुवया चढवल्या. "हा अविश्वास आहे, बाई."

"अविश्वास कसला? ऐकायचंय पुस्तकाला. तुमच्या कानांचं काय काम?"

मागे कोणीतरी खुदकन हसलं. न्यायाधीशांनी मान डोलावली आणि थ्रपला नाही म्हणता येईना. लोकर भरली, रुमाल बांधला, पुस्तक टांगलं. समोर या वेळी ती पोर नव्हती, न्यायाधीश स्वतः होते.

केझायाने गॅरेटचं नाव घेतलं. पुस्तक हललं नाही. पुन्हा घेतलं, मग तिसऱ्यांदा, मोठ्याने. पुस्तक ढिम्म. मग ती बाकीच्या चाकरांची नावं घेत गेली. थ्रपच्या कपाळावर घाम आला. लोक वाट पाहत असणार आणि चमत्कार उशीर करतोय, एवढंच त्याला अंधारात कळत होतं. कुठेतरी फिरवायलाच हवं होतं.

त्याचं बोट सरकू लागलेलं दिसताच केझाया म्हणाली, "कर्नल ॲम्ब्रोज पेथरिक."

पुस्तक गर्रकन फिरलं आणि धपकन पडलं.

थ्रपने रुमाल ओढून काढला, लोकर उपटली आणि हात आकाशाकडे नेऊन गंभीर आवाजात म्हणाला, "पाहिलंत ना? हाच चोर. देवाचा निवाडा कधी चुकत नाही."

कोठारात असा हशा पिकला की वर टांगलेली तंबाखूची पानं थरथरली. कर्नल लालबुंद झाला. थ्रप एकेकाचं तोंड पाहत राहिला. आपण कोणाला चोर ठरवलं, हे त्याला कोणी सांगेना.

मग केझायाने न्यायाधीशांसमोर बोट धरलं आणि तेच पुस्तक टांगून दाखवलं. कडं बोटांच्या टोकांवर जेमतेम टेकलेलं असतं. बोट केसभर सरकवलं की वजनाने पुस्तक आपसूक फिरतं. तिने ते हवं तेव्हा फिरवलं, दोनदा न्यायाधीशांच्याच नावावर. समोरच उभे असूनही त्यांना तिचं बोट हललेलं दिसलं नाही.

संध्याकाळपर्यंत तिन्ही चमचे एका पेटीमागे 'सापडले'. गॅरेट बाराव्या दिवशी सुटला. आधीच्या दोघांची जादा वर्षं रद्द झाली. थ्रप पुढच्या परगण्यात निघून गेला. तिथेही चमचे हरवू लागले असतील. क्वाको मात्र दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा कामाला लागला. त्याला बांधून ठेवायला चमत्काराची गरज नव्हती, त्यासाठी कायदाच होता. आणि कायद्याच्या कानांत लोकर भरता येत नाही, या विचाराने केझायाला पुढे कित्येक दिवस जेवण गोड लागलं नाही.

कोठारातले लोक तिला विचारायचे की तुला देवाची भीती नाही का वाटली? ती सांगायची, "देव माझ्याशी बोटाने खेळ करत नाही. माणूस करतो. चमत्कार दिसला की गुडघे टेकू नका. आधी बघा, त्याने कोणाचं काम फुकटात होतंय. मग जवळ जा आणि त्याच्या बोटांकडे नीट पाहा."