कानसेन

"काका, सांगा ना. घासतंय का आत?"

इंजिनीअर मॅडमचे ओठ हलले, तेवढे कानसेनांना दिसले. लोखंडी सळईचं एक टोक बेअरिंगवर टेकवून दुसरं त्यांनी कानाला लावलं होतं. वाफ तोडलेली होती आणि जुनं टर्बाइन आपल्याच ओघात फिरत मंदावत होतं. ऐकायचं ते एवढ्या चार-पाच मिनिटांतच.

"नाही. स्वच्छ आहे," ते म्हणाले.

"मग चढवू वेग?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

खरं सांगायचं तर त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. घासणंही नाही, फिरणंही नाही. इतक्या वर्षांच्या गडगडाटानं कान गेले होते, आणि अख्ख्या वीजघरात नाव मात्र कानसेन! डॉक्टर छातीला नळी लावतो तशी हे मशीनला सळई लावतात, असं लोक कौतुकानं सांगत. बहिरेपण कळलं की माणसाची रवानगी स्टोअरमध्ये, नटबोल्ट निवडायला. निवृत्तीला दीड वर्ष होतं. तोवर झाकली मूठ ठेवायची, असं त्यांनी ठरवलं होतं. दोन वर्षं ते निभावलंही, कारण मशीन कधी घासलंच नव्हतं.

का घासलं नव्हतं, ते त्यांना आत्ता उमगलं.

थंड पडलेला कोळशाचा बॉयलर वाफ धरायला सात-आठ तास घ्यायचा. तेवढ्या वेळात टर्बाइनचा तीस टनांचा दांडा सावकाश, सगळीकडून सारखा शेकून निघे. बॉयलरच्या आळसाला सगळे शिव्या घालत, पण त्या आळसानंच टर्बाइन सांभाळलं होतं. आता बाहेर अंगणात गॅस टर्बाइन आलं होतं. ते काही मिनिटांत पेट घेई, स्वतःची वीज करी; आणि त्याच्या शेपटीतून निघणारा पाचशे अंशांचा झोत वाया न घालवता नव्या बॉयलरात सोडला होता. स्वयंपाक उरकल्यावर चुलीच्या धगीवर अंघोळीचं पाणी ठेवावं, तसं. तेवढ्याच गॅसात वीज जास्त. सोय उत्तम, वाफ तासाभरात हजर! आणि वाफ आली म्हणून आज थंड दांडा लगेच फिरवायला घेतला होता. घाईनं तापलेला दांडा केसभर वाकतो. केसभरच, पण आत मोकळी जागा तरी कुठे जास्त असते?

मॅडमचा हात बटणाकडे गेला.

"थांबा! मी खोटं बोललो."

"म्हणजे घासतंय?"

"ते मला माहीत नाही. मला ऐकू येत नाही, मॅडम. दोन वर्षं झाली."

शेजारी उभा असलेला फिटर फिसकन हसला. "काय काका, सकाळी सकाळी कुणी सापडलं नाही का चेष्टेला?"

"दात काढू नकोस. ही सळई त्यांना दे." कानसेन मॅडमकडे वळले. "कानामागच्या हाडावर दाबा. डोळे मिटा. गुरगुर एकसारखी असेल तर ठीक. मध्ये मध्ये नखानं पत्रा ओरबाडल्यासारखं आलं, तर सांगा."

मॅडमनी डोळे मिटले. कानसेन त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. कपाळावर हळूच आठी उमटली.

"ओरबाडतंय काका. प्रत्येक फेऱ्याला."

"मग वेग नाही. मोटरवर अगदी हळू फिरत ठेवा, चार तास. शेकता शेकता दांडा आपोआप सरळ होईल."

"वरून फोन येतील. नवं पळतंय, तुमचं म्हातारं का बसलंय म्हणून."

"सांगा, म्हातारं अंग शेकतंय."

मॅडम हसल्या, पण पूर्ण नाही. "काका, मला हे वर कळवावं लागेल. तुमच्याबद्दलचंही."

"कळवा. मुद्दाम सौम्य करून लिहू नका."

चार तासांनी मॅडमनी पुन्हा सळई लावली आणि अंगठा उंचावला. वेग चढत गेला, तशी पायाखालची जाळी थरथरू लागली. सगळे काट्यांकडे बघत होते. कानसेनांनी हेल्मेट काढून खुंटीवर ठेवलं आणि ते एकटेच वीजघराच्या दवाखान्याकडे निघाले.

बाहेरच्या बाकावर तिघं जण होते. ते एकेक करून आत जाऊन आले. मग कंपाउंडरनं दारातून कानसेनांना हाक मारली. पुन्हा, जरा मोठ्यानं. ते भिंतीकडे नजर लावून ताठ बसले होते, आपली पाळी कधी येते याची वाट पाहत.